गोदीची नाचणी आणि रघूची चाकं

"चढली! चढली रे!"

उंबराच्या वळणावर एकच गलका उठला. माणसं मागं सरली, बायांनी पोरांना ओढून कडेला घेतलं. भाताच्या पोत्यांनी ठासून भरलेली रघूची पिकअप घूंऽऽ करत वळण घेऊन वर निघून गेली. चारी चाकांवर हळदीचं पाणी, समोर लिंबू-मिरच्यांचा हार, मागं उदबत्त्यांचा धूर. दसऱ्यानंतर हीच गाडी ह्याच वळणावर रोज आचके देऊन बंद पडत होती. आज तिनं हूं की चूं केलं नाही.

"बोला, रथस्वामी महाराज की..."

"जय!" सगळा करंजपाडा ओरडला.

जव्हारहून दाभोशाकडं जाताना डोंगराच्या कुशीत हा पाडा लागतो. तिथल्या शाळेत मी शिकवतो. मला "कीर्तन आहे, गुरुजी, टाळ घेऊन या" असा निरोप होता, म्हणून मी टाळ घेऊन गेलो. कीर्तन म्हटलं की माझे पाय घरात ठरत नाहीत. पण तिथं ना वीणेकरी, ना मृदंग. एक भगवी रंगवलेली पिकअप उभी, मागचा हौदा ताडपत्रीनं घट्ट बांधलेला आणि टपावर खुर्ची टाकून स्वामी बसलेले. मी आजवर ऐकलेला प्रत्येक कीर्तनकार उभं राहताच आधी श्रोत्यांना वाकून नमस्कार करतो. ह्या गृहस्थानं आधी पाय पुढं केले. माझ्या मनात पहिली पाल तिथंच चुकचुकली. दुसरी चुकचुकली ती त्यांनी तोंड उघडल्यावर.

"बाळांनो, गाडी म्हणजे देह! चार चाकं म्हणजे चार पुरुषार्थ. क्लच म्हणजे माया, दाबली की सुटते. ॲक्सिलरेटर म्हणजे भक्ती, जेवढी दाबाल तेवढी कमी. आणि स्टेपनी म्हणजे?"

लोक एकमेकांकडं बघू लागले.

"स्टेपनी म्हणजे सद्गुरू! सगळे साथ सोडतात तेव्हा तोच कामाला येतो!"

लोक माना डोलवत होते. मीही हसलो असतो, पुढचं ऐकलं नसतं तर.

स्वामी खुर्चीतून उतरले. डोळे मिटून हात पुढं धरला आणि गोलगोल फिरवत एका झोपडीकडं रोखून थांबवला. वळणावरच्या उंबराखाली गोदी डोकरीची झोपडी होती.

"चाकं मी सोडवली. पण धरणारी अजून तिथं बसलीय. ती आहे तोवर हा उतारा टिकायचा नाही. पुढच्या सोमवारी सूर्य डोक्यावर यायच्या आत त्या घराचं छप्पर उतरवा. बाई ह्या पाड्यात दिसता कामा नये."

भुताळी, म्हणजे चेटकीण, हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारला नाही. आमच्याकडं तो उच्चारावा लागत नाही. माणसं नुसती त्या घराकडं बघायची थांबतात, म्हणजे समजावं.

"काळूदादा, हे बरं नाही," मी पाड्याच्या कारभाऱ्याला, काळ्याला म्हणालो. "म्हातारी एकटी आहे. जाईल कुठं?"

"गुरुजी, तुमी शाळेचं बघा. गाडी सगळ्या पाड्याची हाय. भात तीच नेते, आजारी माणूस तीच नेते. ती बसली तर पाडा बसला."

काळ्या दुष्ट नव्हता. घाबरला होता.

गोदीचं आणि रघूचं भांडण असं झालं होतं. आमच्याकडं नाचणीची कणसं डांबरी रस्त्यावर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली आपसूक मळणी होते. गोदीनं वळणावर नाचणी पसरली होती. रघू भरधाव आला आणि अर्धी नाचणी खालच्या ओहोळात उडाली. गोदी धावत रस्त्यावर आली आणि सगळ्यांदेखत ओरडली, "मेल्या, तुझी चाकं फिरायची नाहीत!"

आणि खरोखरच त्याच आठवड्यापासून त्याच वळणावर गाडी बसू लागली. वर करपल्यासारखा वास सुटायचा. लोक म्हणत, तो डोकरीचा वास.

गर्दी पांगल्यावर मी गोदीकडं गेलो. ती अंगणात सूप घेऊन बसली होती. सुपात दाणे नव्हते, नुसतीच पाखडत होती.

"आजी, घाबरू नका. मी बघतो काहीतरी."

तिनं मान वर केली. "गुरुजी, एक विचारू का? शिवी मी दिली, ते खरं हाय. मना राग आला, दिली. पण..." तिनं आवाज बारीक केला, "माझे जिभेला खरंच काय हाय का? मागं चंद्राच्या म्हशीला बोलले, ती पण मेली."

छपरापेक्षा ही गोष्ट वाईट होती. लोकांनी तिला भुताळी ठरवलं होतं आणि तीही आता ते मानू लागली होती.

जव्हारला घरी आलो ते थेट रोहिणीकडं गेलो. रोहिणी माझ्या थोरल्या भावाची मुलगी. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवते. देवळात माझ्याबरोबर येते, पण प्रसाद घेतानाही द्रोण उलटा करून बघेल अशी.

"काका, गाडी चढली हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"स्वतः."

"मग स्वामींनी काहीतरी केलंय. मंत्राखेरीज काय काय केलं, ते आठवा."

"हळदीचं पाणी शिंपडलं. लिंबू कापलं. रघूला सांगितलं, वळणावर पाय उचलायचा नाही, पाय उचललास की श्रद्धा उचललीस. आणि हो, चाकं बदलली. जुन्या चाकांत करणी बसलीय म्हणाले. ती दाभोशाच्या धबधब्यात सोडणार, आणि ही मंतरलेली चाकं प्रसाद म्हणून दिली."

रोहिणी हातातला चहा विसरली. "काका! मंत्राखेरीज काय केलं, हेच विचारत होते ना मी! चाकं बदलली, आणि हे तुम्ही सगळ्यात शेवटी सांगताय?"

"अगं, विधीच होता तो. सगळ्यांसमोर केला."

"सगळ्यांसमोर केला म्हणूनच कुणी पाहिला नाही."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर पाड्यावर आली. रघू गाडी धूत होता, शेजारी त्याची बायको सोमी बादली घेऊन उभी. रोहिणीनं काही न विचारता मागच्या चाकावरच्या पत्र्याच्या आत हात घातला आणि बोटं फिरवली.

"रघूभाऊ, आत पत्रा घासून चकचकीत झालाय. कशानं?"

"ती आधीची चाकं घासायची, मॅडम. मोठी होती ना."

"मोठी? कधी बसवली होतीस?"

"दसऱ्याला. नाशकाहून आणली." रघूचा चेहरा क्षणभर फुलला. "काय दिसायची गाडी! एकदम डोंगरावानी. मोबाईलवर बघितली होती तशी."

"मी तेवाच बोलले होते," सोमी मध्येच म्हणाली, "गाडीला उंच टाचेच्या चपला कशाला? ऐकतोय कोण! रिंगांना निळा रंग पण माझेकडनंच लावून घेतला."

"आणि नाचणीचं भांडण?"

"दसऱ्याचे मागनं. चारपाच दिसांनी."

"मोठी चाकं बसवल्यावर भरलेली गाडी ह्या वळणावर पहिल्यांदा कधी आणलीस?"

रघू थांबला. फडकं पिळता पिळता त्याचे हात तसेच राहिले. "भांडणाचे दिशीच. भात त्याच दिशी भरला पयला."

रोहिणीनं माझ्याकडं बघत बोटांची काजळी पुसली. शिवी आणि पहिला भार एकाच दिवशीचे होते.

"सांगून टाकू का लोकांना?" मी परतताना विचारलं.

"सांगून पटलं असतं तर तुमच्या शाळेत फळा कशाला लागला असता? सोमवारी दाखवू."

सोमवारी सकाळी वळणावर शिड्या आल्या होत्या. दोघंजण गोदीच्या छपरावर चढून पेंढा उपसायला लागले होते. गोदी दारात आपलं गाठोडं घेऊन उभी होती, कुणी न सांगता. स्वामींची भगवी गाडी उंबराखाली, स्वामी टपावर.

"थांबा!" रोहिणी पुढं झाली. "स्वामी, एक शंका आहे. तुमचा मंत्र खरा आहे ना?"

"शंका हेच पाप, मुली!"

"मग पाप करून घेते. मंत्र खरा असेल तर गाडीला कुठलीही चाकं लावली तरी ती चढेल. जुनी चाकं परत लावा, तुम्ही स्वतः गाडीत बसून मंत्र म्हणा, आणि गाडी चढवून दाखवा. चढली तर मीच शिडी धरते."

गर्दीत चुळबुळ झाली. म्हणणं रास्त वाटत होतं.

"ती चाकं मी जलात सोडली," स्वामी म्हणाले. "करणीसकट."

इतक्यात टर्रकन आवाज आला. सोमी कधी भगव्या गाडीमागं गेली ते कुणाला कळलं नव्हतं. हातातल्या कोयत्यानं तिनं ताडपत्रीची दोरी कापली आणि ताडपत्री ओढून खाली टाकली. हौद्यात चाकांची उतरंड लागली होती. सगळ्यात वर चार भलीमोठी, निळ्या रिंगांची.

"ह्यो तुमचा धबधबा का?" सोमी म्हणाली. "माझा रंग मी वळखीत नाय? आमची नवी कोरी तुमाला, आणि तुमची झिजलेली आमाला परसाद!"

कुणीतरी फिसकन हसलं. स्वामी गडबडले. "विसर्जनाचा मुहूर्त... मुहूर्त अजून..."

"असू द्या," काळ्या खालच्या आवाजात म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत संशय दिसला. "चाकं लावा. बघू."

रोहिणीनं जॅक लावून मागची दोनच चाकं बदलली.

"पुढची नको?" रघूनं विचारलं.

"नको. इंजिनाचा जोर मागच्याच चाकांना जातो, पुढची नुसती ढकलली जातात. स्वामींनी चारही बदलली, कारण त्यांना चारही हवी होती."

गोदीला पार खाली शाळेपाशी नेऊन बसवलं. पोती तीच. स्वामींना रघूशेजारी बसवलं, बसवलं म्हणजे चौघांनी आदरानं दंड धरून आत ढकललं. गाडी खालून निघाली. आतून मंत्र ऐकू येत होते. वळण जवळ आलं. गाडी वळणाला टेकली आणि इंजिनाचा आवाज खोल गेला, विहिरीत कुणी कण्हावं तसा. खाड, खाड, खाड करत ती थरथरली आणि बंद पडली. रघूनं ती पुन्हा चालू करून पहिला गिअर टाकला, क्लच सोडत इंजिन रेटलं. गाडी हातभर सरकली, पुन्हा बसली. आणि तोच वास आला, करपलेला.

"पाय उचलू नको! श्रद्धा! श्रद्धा!" स्वामी खिडकीतून ओरडत होते.

"दाबूनच धरलाय हो!" रघू आतून किंचाळला.

रोहिणी म्हणाली, "हा वास ओळखता ना सगळे? आजी तर शाळेपाशी आहेत. हा क्लच प्लेट घासून जळल्याचा वास आहे."

"पण डोकरीची नजर लांबून पण लागते," गर्दीतून एक आवाज आला. काही माना हलल्या. इतकी सहज जाणारी भीती नव्हे ती.

"बरं. मग आता उलटं करू," रोहिणी म्हणाली. "लहान चाकं परत लावू. स्वामी रस्त्यावर, आणि गाडीत गोदीआजी."

रघूनं गाडी मागं घेत खाली सपाटीला आणली. रोहिणी चाकं सोडवायला बसली आणि तिनं काळ्याला हाक मारली. "काळूदादा, तुमची पहार आणा. हा रस्त्याकडेचा धोंडा हलवून दाखवा."

काळ्यानं पहार आणली. धोंड्याच्या अगदी जवळ टेकूचा दगड ठेवला, पहारीच्या टोकावर भार टाकला. धोंडा बोटभर उचलला गेला.

"आता टेकू धोंड्यापासून लांब, तुमच्या हाताकडं सरकवा."

काळ्यानं सरकवला. जोर लावला, शिरा फुगल्या. धोंडा हलेना.

"दम कमी झाला का तुमचा?"

"माझा कशाला होईल? टेकू चुकला."

"बस्स. इंजिनाचा दम तेवढाच असतो. गिअर म्हणजे टेकू. पहिला गिअर म्हणजे टेकू धोंड्याजवळ: जोर खूप, सरकणं थोडं. वरचा गिअर म्हणजे टेकू हाताकडं: सरकणं खूप, जोर कमी. म्हणून चढावर खालचा, सपाटीला वरचा. कंपनीनं हे सगळं मूळ चाकाच्या मापानं बसवलेलं असतं. रघूभाऊनं मोठी चाकं लावली. मोठं चाक एका फेरीत जास्त रस्ता कापतं, म्हणजे प्रत्येक गिअरचा टेकू थोडा थोडा हाताकडं सरकला. सपाटीला कळत नाही. पण गाडी भरलेली आणि चढ उभा असला की दुसऱ्या गिअरला जो धोंडा उचलत होता, तो उचलत नाही. इंजिनाच्या फेऱ्या पडतात. आणि फेऱ्या पडल्या की इंजिनाचा दमही जातो, आधी कितीही असो."

"पण मग ह्याच वळणावर का?" काळ्यानं विचारलं.

रोहिणीनं रघूकडं पाहिलं. "तू सांग. शिवी बसल्यापासून इथं आलास की काय करत होतास?"

रघूनं डोकं खाजवलं. "भेव वाटायचं. पाय... आपसूक उचलायचा."

"चढ सगळ्यात उभा जिथं, तिथंच तू वेग सोडत होतास. स्वामींनी एवढं एक खरं सांगितलं, वळणावर पाय उचलू नको म्हणून. ते मंत्राचं ज्ञान नव्हे, गॅरेजचं. खरं ना, स्वामी? कुठल्या गॅरेजात होतात?"

स्वामी उंबराकडं बघत होते. त्यांच्या गाडीची किल्ली मघाशीच सोमीच्या कमरेला गेली होती.

गोदी यायला तयार होईना. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. "आजी, तुम्हीच विचारलं होतंत ना मला, जिभेला काय आहे का? चला, बघून टाकू."

ती गाडीत बसली, दोन्ही हातांनी दार घट्ट धरून. खिडकीशी उभी राहून रोहिणी म्हणाली, "आजी, वळण आलं की तीच शिवी द्यायची. मोठ्यानं."

"नको गं बाय! पोराचा जीव जाईल!"

"नाही जायचा. माझ्यावर सोडा. मी मागं पोत्यांवर बसते."

तिच्यामागोमाग मीही पोत्यांवर चढलो. भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टी एका पहारीनं निघत नाहीत.

गाडी निघाली. वळण आलं. कडेला सगळा पाडा श्वास धरून उभा. आतून बारीक, थरथरता आवाज आला, "तुझी... तुझी चाकं..."

"मोठ्यानं, आजी!"

"मेल्या, तुझी चाकं फिरायची नाहीत!"

चाकं फिरत होती. इंजिनाचा आवाज उंच, एकसारखा, कीर्तनात मृदंगाची लय चढावी तसा. गाडी वळली. उंबर मागं पडला.

"फिरायची नाहीत! फिरायची नाहीत रे!" गोदी आता ओरडत होती, शिवी राहिली नव्हती तिची, गाणंच झालं होतं. माथ्यावर गाडी थांबली तेव्हा ती हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. रघू खाली उतरून तिच्या पायाशी वाकला.

"ऊठ," ती म्हणाली. "पण परत माझे नाचणीवरनं पळवलीस ना, तर परत शिवी दीन. लागो नायतर न लागो."

खाली आलो तेव्हा छपरावरचे दोघे उपसलेला पेंढा परत बसवत होते. कुणी सांगितलं नव्हतं. काळ्या स्वतः शिडी धरून उभा होता, वर मात्र बघत नव्हता. एखाद्या बाईला भुताळी ठरवून घराबाहेर काढायला लावणं हा आपल्याकडं गुन्हा आहे. रोहिणीनं आदल्या दिवशीच पोलिसांना कळवलं होतं. त्यांची गाडी आली आणि रथस्वामी त्यात बसून गेले. ती गाडी वळणावर बंद पडली नाही, एवढं मी मुद्दाम बघितलं.

संध्याकाळी मी पोरांना घेऊन उंबराखाली बसलो आणि टाळ काढले. बोलावणं कीर्तनाचं होतं, ते तसंच सोडून कसं जायचं? मोठं निरूपण मला येत नाही. एवढंच सांगितलं, की भगवंत रणात सारथी झाला, आणि घोडे दमले तेव्हा त्यानं मंत्र फुंकला नाही. घोडे सोडले, त्यांना पाणी दाखवलं, जखमा धुतल्या, मग पुन्हा जुंपले. ज्याला आपण देव मानतो त्याचं हे काम, आणि आपण मात्र गाडी दमली की म्हातारीचं घर मोडायला निघतो.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही गावात कुणी येईल. त्याच्यापाशी गाडीचा नसेल तर दुखण्याचा, धनाचा, पोराबाळांचा चमत्कार असेल. तुमच्या भक्तीला मी हात लावत नाही, माझी स्वतःची मी जपून ठेवली आहे. पण हात जोडण्याआधी एकदा वाकून चाकाकडं बघा. काय बदललं, कधी बदललं, बदललेलं कुणाकडं गेलं, एवढं विचारा. आणि चमत्काराच्या शेवटी कुणा एकट्या बाईकडं बोट दाखवलं जात असेल, तर बोटाच्या दिशेनं बघू नका. ते बोट कुणाचं आहे ते बघा.

करंजपाड्याला आता नाचणी पसरली की रघू गाडी हळू करतो आणि आपणहून दोन फेऱ्या जास्त मारून मळणी करून देतो. गोदी डोकरी त्याला अजून शिव्या देते. गाडी अजून चढते.